मर्यादेचे शास्त्र : सिऱ्होसिसग्रस्त यकृतातील प्रारंभिक कर्करोगाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास

सारांश

यकृताचा प्राथमिक कर्करोग बहुतांश रुग्णांत सिऱ्होसिस, म्हणजेच यकृतसूत्रणरोग, झालेल्या यकृतात उद्भवतो. त्यामुळे येथे शल्यचिकित्सकासमोर एकाच अवयवाचे दोन आजार उभे असतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या शस्त्रक्रियेच्या फलितांत मोठी सुधारणा झाली. ती कौशल्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, रुग्णनिवडीच्या शास्त्रामुळे घडली, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. जपानमधील कार्यक्षमतेवर आधारित यकृतछेदन आणि युरोपातील प्रत्यारोपणाधिष्ठित विचार या दोन परंपरांची तुलना करून, त्यांच्यातील भेदामागे वैद्यकाबरोबरच समाज आणि कायदा हेही कसे कारणीभूत होते, याचा येथे आढावा घेतला आहे.

बीजसंज्ञा : यकृतछेदन, सिऱ्होसिस, प्रत्यारोपण, मिलान निकष, रुग्णनिवड, वैद्यकाचा इतिहास

१. प्रस्तावना

वैद्यकाचा इतिहास लिहिताना शस्त्रक्रियेचा इतिहास हा बहुधा धाडसाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. पहिले हृदय कोणी उघडले, पहिले मूत्रपिंड कोणी बसविले, असा तो विक्रमांचा क्रम असतो. यकृताच्या कर्करोगाच्या बाबतीत ही मांडणी अपुरी पडते. येथे पहिल्या यशस्वी शस्त्रक्रियेपासून विश्वासार्ह उपचारापर्यंत पोहोचण्यास सुमारे शंभर वर्षे लागली आणि या शंभर वर्षांत शल्यचिकित्सक जे शिकले त्यातील मोठा भाग 'किती कापू नये' आणि 'कोणावर शस्त्रक्रिया करू नये' या दोन प्रश्नांशी निगडित आहे.

सिऱ्होसिस हे नाव फ्रेंच वैद्य लेनेक यांनी १८१९ मध्ये दिले. अशा यकृताच्या पिवळसर-तपकिरी रंगावरून, त्या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून, ते घडविण्यात आले. दीर्घकाळचा विषाणुसंसर्ग, मद्यपान किंवा अन्य कारणांनी यकृतपेशी वारंवार नष्ट होतात. त्यांच्या जागी तंतुमय ऊती आणि पुनर्जनित पेशींच्या गाठी तयार होतात. यकृत कठीण होते, त्यातून रक्त सहज वाहत नाही आणि आतड्यांकडून यकृताकडे रक्त आणणाऱ्या पोर्टल शिरेतील दाब वाढतो. जलोदर, अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरांमधून होणारा रक्तस्राव आणि कावीळ ही त्याची पुढची रूपे होत. याच भूमीत कर्करोग रुजतो. म्हणून गाठ काढली तरी जमीन तीच राहते. या अडचणीभोवती प्रस्तुत विषयाचा सारा इतिहास फिरतो.

२. रचनेचे आकलन : १८८८ ते १९५७

बर्लिनचे शल्यचिकित्सक कार्ल लांगेनबुख यांनी यकृताच्या नियोजित छेदनाचे पहिले यशस्वी उदाहरण १८८८ मध्ये प्रसिद्ध केले. शस्त्रक्रियेनंतर रक्तस्राव झाल्याने रुग्णेचे पोट पुन्हा उघडावे लागले, तरी ती बचावली. त्या काळी यकृत म्हणजे रक्ताने भरलेला स्पंज अशीच धारणा होती. कोठून कापल्यास रक्त कमी जाईल, याचा कोणताही नकाशा उपलब्ध नव्हता.

हा नकाशा तीन टप्प्यांत तयार झाला. हाँगकाँगमध्ये काम केलेले जेम्स कँटली यांनी १८९० च्या दशकात असे दाखवून दिले की, यकृताचे उजवे व डावे अर्ध बाहेरून दिसणाऱ्या बंधापाशी विभागलेले नाहीत. पित्ताशयापासून महाशिरेपर्यंत जाणाऱ्या काल्पनिक रेषेवर ते विभागलेले असतात. ग्लासगोचे हॉगार्थ प्रिंगल यांनी १९०८ मध्ये यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या काही काळ दाबून धरून रक्तस्राव रोखण्याची युक्ती मांडली. ती आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. अखेरीस पॅरिसचे क्लोद कुईनो यांनी १९५७ मध्ये आपल्या ग्रंथात यकृताचे आठ विभाग वर्णिले. प्रत्येक विभागाला पोर्टल शिरेची, धमनीची आणि पित्तनलिकेची स्वतंत्र शाखा असते. म्हणूनच एक विभाग काढूनही शेजारचा विभाग जिवंत ठेवता येतो.

दरम्यान, क्योटो येथे होन्जो यांनी १९४९ मध्ये आणि पॅरिस येथे लोर्ता-झाकोब यांनी १९५२ मध्ये रक्तवाहिन्या आधी बांधून यकृताचा संपूर्ण उजवा खंड काढला होता. हनोईचे तोन थात तुंग आणि तैपेईचे लिन तिएन-यू यांनी बोटांनी यकृताची ऊती हलकेच फोडून आतील वाहिन्या उघड्या करण्याची आणि त्या एकेक बांधण्याची पद्धत रूढ केली. यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण ज्या प्रदेशात अधिक होते, त्याच पूर्व व आग्नेय आशियात हे तंत्र विकसित व्हावे, हा योगायोग नव्हे.

३. सिऱ्होसिसचा अडथळा

निरोगी यकृताला पुनर्जननाची विलक्षण शक्ती असते. हिगिन्स व अँडरसन यांनी १९३१ मध्ये उंदरांच्या यकृताचा सुमारे दोन-तृतीयांश भाग काढूनही तो थोड्याच काळात भरून येतो, हे दाखविले. मोठ्या छेदनांमागील आत्मविश्वास या ज्ञानावर उभा होता. परंतु सिऱ्होसिस झालेल्या यकृतात ही शक्ती क्षीण झालेली असते. तेथे अर्धे यकृत काढले की उरलेल्या अर्ध्याला पोर्टल शिरेतील वाढलेला रक्तदाब पेलत नाही. शस्त्रक्रिया तांत्रिकदृष्ट्या निर्दोष पार पडते, जखम भरू लागते आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रुग्ण कावीळ, जलोदर व जंतुसंसर्ग यांनी दगावतो. कर्करोगापेक्षा उपचार लवकर मारतो, ही त्या पिढीच्या शल्यचिकित्सकांची उघड खंत होती.

फॉस्टर व बर्मन यांनी १९७७ मध्ये अमेरिकेतील ९८ रुग्णालयांतील ६२१ यकृतछेदनांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात शस्त्रक्रियेशी निगडित मृत्यूचे एकूण प्रमाण सुमारे १३ टक्के होते आणि मोठ्या छेदनांत ते २० टक्क्यांच्या वर जात होते. या रुग्णांत अनेकांचे उर्वरित यकृत निरोगी होते, हे लक्षात घेतले म्हणजे सिऱ्होसिसच्या रुग्णाला शस्त्रक्रियेचा सल्ला देणे किती अवघड होते, याची कल्पना येते.

रुग्णाचे यकृत किती सक्षम आहे हे मोजण्याचे साधन या काळात अन्य शस्त्रक्रियांच्या क्षेत्रातून उसने घेतले गेले. चाइल्ड व टरकॉट यांनी १९६४ मध्ये पोर्टल दाब कमी करणाऱ्या शस्त्रक्रियांसाठी रुग्णांचे अ, ब व क असे वर्ग पाडले होते. १९७३ मध्ये प्यू व सहकाऱ्यांनी अन्ननलिकेतील रक्तस्रावाच्या रुग्णांसाठी त्यात सुधारणा केली. रक्तातील बिलिरुबिन व अल्ब्युमिन, रक्त गोठण्याचा काळ, जलोदर आणि मेंदूवरील परिणाम या पाच घटकांच्या गुणांवरून हा वर्ग ठरतो. हे मापन सोपे होते म्हणून जगभर पसरले. परंतु 'अ' वर्गातील रुग्णही शस्त्रक्रियेनंतर दगावत असल्याचे अनुभवास येत गेले. साधन स्थूल होते आणि प्रश्न सूक्ष्म होता.

४. 'प्रारंभिक' कर्करोगाचा शोध

छोट्या गाठीवर छोटी शस्त्रक्रिया करता येईल, हे तर्कतः स्पष्ट होते. अडचण अशी की १९६० च्या दशकापर्यंत छोटी गाठ दिसतच नव्हती. रुग्ण येई तो पोटात हाताला लागणारी गाठ घेऊन. हे चित्र तीन शोधांनी बदलले.

पहिला शोध रक्तचाचणीचा होय. मॉस्कोचे गॅरी अबेलेव्ह यांनी १९६३ मध्ये यकृतकर्करोग झालेल्या उंदरांच्या रक्तात अल्फा-फीटोप्रोटीन हे भ्रूणावस्थेतील प्रथिन पुन्हा आढळते, असे दाखविले. पुढील वर्षी तातारिनोव्ह यांनी ते मानवी रुग्णांत शोधले. दुसरा शोध कारणाचा. ब्लुमबर्ग यांनी १९६० च्या दशकात शोधलेला प्रतिजन हिपॅटायटिस-बी विषाणूचा असल्याचे निष्पन्न झाले. १९८१ मध्ये बीझली व सहकाऱ्यांनी तैवानमधील २२,७०७ पुरुषांच्या पाहणीतून या विषाणूचे वाहक आणि इतर यांच्यातील कर्करोगाच्या धोक्यात २०० पटींहून अधिक तफावत असल्याचे सिद्ध केले. हिपॅटायटिस-सी विषाणूची ओळख १९८९ मध्ये पटली. यामुळे कोणाची तपासणी करावयाची, हे कळले. तिसरा शोध सोनोग्राफीचा. तिच्या प्रसाराने एक-दोन सेंटिमीटरची गाठही पडद्यावर दिसू लागली.

शांघायचे तांग झाओयू यांनी १९७० च्या दशकापासून अशा लक्षणविरहित रुग्णांवर शस्त्रक्रिया करून 'लहान' यकृतकर्करोग ही स्वतंत्र संकल्पना रुजविली. त्याच शहरातील १८,८१६ व्यक्तींवरील यादृच्छिक चाचणीचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. दर सहा महिन्यांनी रक्तचाचणी व सोनोग्राफी केलेल्या गटात यकृतकर्करोगाने होणारे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी आढळले. मात्र 'प्रारंभिक' या शब्दाचा अर्थ स्थिर राहिला नाही. आरंभी पाच सेंटिमीटर, पुढे तीन आणि नंतर दोन सेंटिमीटर अशी त्याची सीमा सरकत गेली. वेगवेगळ्या कालखंडांतील फलितांची तुलना करताना ही बाब नजरेआड करता येत नाही.

५. जपानी मार्ग : उरणाऱ्या यकृताचे गणित

या विषयाला सर्वांत शिस्तबद्ध उत्तर जपानमधून मिळाले. टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रात मासातोशी माकुउची यांनी सोनोग्राफीचे यंत्र थेट शस्त्रक्रियागृहात आणले. सिऱ्होसिस झालेले यकृत कठीण व खडबडीत असते. त्यातील छोटी गाठ बोटांना लागत नाही, परंतु यकृताच्या पृष्ठभागावर ठेवलेल्या शोधकाला ती दिसते. १९८५ मध्ये त्यांनी या पद्धतीचा पुढचा टप्पा प्रसिद्ध केला. यकृताचा कर्करोग पोर्टल शिरेच्या शाखांमधून पसरतो. तेव्हा गाठीकडे जाणाऱ्या नेमक्या शाखेत सोनोग्राफीच्या साहाय्याने सुईने रंगद्रव्य सोडावे, त्या शाखेचा प्रदेश पृष्ठभागावर रंगीत दिसू लागतो आणि तेवढाच काढावा. कर्करोगाच्या दृष्टीने पुरेसे आणि यकृताच्या दृष्टीने कमीत कमी, असा हा मेळ होता. कुईनो यांचा शवविच्छेदनातून निघालेला नकाशा येथे जिवंत रुग्णावर रेखाटला गेला.

त्याहून महत्त्वाचे होते ते शस्त्रक्रियेपूर्वीचे गणित. इंडोसायनिन ग्रीन हे हिरवे द्रव्य शिरेतून दिल्यास निरोगी यकृत ते झपाट्याने शोषून पित्तात टाकते. पंधरा मिनिटांनी रक्तात त्याचे किती टक्के उरले, यावरून यकृताचा राखीव जोम कळतो. माकुउची यांच्या निर्णयपद्धतीत प्रथम दोन प्रश्न विचारले जातात. औषधांनी आटोक्यात न येणारा जलोदर आहे काय? बिलिरुबिन वाढलेले आहे काय? जलोदर असल्यास किंवा बिलिरुबिन दर डेसिलिटरला २ मिलिग्रॅम वा अधिक असल्यास छेदन वर्ज्य. बिलिरुबिन सामान्य असल्यास हिरव्या द्रव्याचे उर्वरित प्रमाण पाहावयाचे. ते १० टक्क्यांखाली असेल तर उजवा खंड काढता येतो, १० ते १९ टक्के असल्यास डावा खंड किंवा तत्सम भाग, २० ते २९ टक्के असल्यास कुईनो यांचा एकच विभाग आणि त्यापुढे केवळ मर्यादित छेदन किंवा गाठ कोरून काढणे.

या पद्धतीत शल्यचिकित्सकाच्या धाडसाला जागा नाही. काय काढावयाचे हे गाठ ठरवीत नाही, उरणारे यकृत ठरविते. मोठे छेदन अटळ असेल तर शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधी, काढावयाच्या भागाची पोर्टल शाखा मुद्दाम बंद करून उरणारा भाग वाढवून घेण्याची पद्धतही १९८० च्या दशकात जपानमध्येच विकसित झाली. या शिस्तीचे फलित २००३ मध्ये जगापुढे आले. टोकियो विद्यापीठातील गटाने आठ वर्षांतील सलग १,०५६ यकृतछेदने एकाही मृत्यूविना पार पाडल्याचे प्रसिद्ध केले. १९७७ च्या अमेरिकी आढाव्याशी हा आकडा ताडून पाहिला म्हणजे पाव शतकातील अंतर ध्यानात येते.

६. प्रत्यारोपण : अपयशापासून मिलानपर्यंत

छेदनाने गाठ जाते, परंतु सिऱ्होसिस राहतो. शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांत सुमारे ७० टक्के रुग्णांत कर्करोग पुन्हा उद्भवतो. त्यातील काही गाठी मूळ कर्करोगाच्या प्रसारातून, तर काही त्या रोगट यकृतात नव्याने निर्माण झालेल्या असतात. मग संपूर्ण यकृतच बदलले तर? हा विचार प्रत्यारोपणाइतकाच जुना आहे. अमेरिकेत डेन्व्हर येथे टॉमस स्टार्झल यांनी १ मार्च १९६३ रोजी मानवी यकृतप्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न केला. १९६७ मध्ये त्यांची एक बालरुग्णा नव्या यकृतावर एक वर्षाहून अधिक काळ जगली. तिला यकृताचाच कर्करोग होता आणि तो परतल्यानेच ती दगावली. पुढील दोन दशकांचे भवितव्य या एका उदाहरणात सामावलेले होते.

केंब्रिजच्या रॉय कॅल्न यांनी १९७० च्या दशकाअखेर सायक्लोस्पोरिनचा वापर सुरू केल्यानंतर आणि १९८३ च्या अमेरिकी परिषदेने यकृतप्रत्यारोपणास मान्यता दिल्यानंतर शस्त्रक्रियांची संख्या वाढली. त्या काळी प्रत्यारोपणासाठी कर्करोगाचे जे रुग्ण निवडले जात, त्यांच्या गाठी छेदनाने काढता न येण्याइतक्या मोठ्या असत. साहजिकच बहुतेकांत रोग परतला. मात्र, केवळ सिऱ्होसिससाठी प्रत्यारोपण केलेल्या रुग्णांच्या काढलेल्या यकृतात अनपेक्षितपणे छोटी गाठ सापडली, तर ते रुग्ण उत्तम जगत, ही नोंद स्टार्झल यांच्या गटाने १९८० च्या दशकात केली होती. प्रश्नाचे उत्तर त्या नोंदीत होते.

पॅरिसजवळील व्हिलझ्वीफ येथे आंरी बिस्म्यूत यांच्या गटाने १९९३ मध्ये छेदनाचे ६० व प्रत्यारोपणाचे ६० रुग्ण यांची तुलना मांडली. तीन वर्षांचे जगण्याचे प्रमाण अनुक्रमे ५० व ४७ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच होते. पण कर्करोगमुक्त जगण्याचे प्रमाण २७ विरुद्ध ४६ टक्के भरले. एक किंवा दोन, तीन सेंटिमीटरहून लहान गाठी असलेल्या रुग्णांत तर ते १८ विरुद्ध ८३ टक्के इतके भिन्न होते. ज्यांना आजवर छेदनासाठी सर्वोत्तम मानले जात होते, तेच प्रत्यारोपणासाठीही सर्वोत्तम ठरले.

या विचाराला नेमके रूप मिलानच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत विन्चेन्झो माझ्झाफेर्रो यांनी दिले. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात रुग्ण होते केवळ ४८. निकष सुटसुटीत होते : एकच गाठ असल्यास पाच सेंटिमीटरपर्यंत, किंवा जास्तीत जास्त तीन गाठी व प्रत्येक तीन सेंटिमीटरपर्यंत, रक्तवाहिन्यांत शिरकाव नाही आणि यकृताबाहेर प्रसार नाही. चार वर्षांचे जगण्याचे प्रमाण ७५ टक्के आले. काढलेल्या यकृताच्या तपासणीत जे ३५ रुग्ण निकषांत बसले, त्यांच्यात ते ८५ टक्के होते, तर निकषांबाहेर गेलेल्या १३ जणांत ५० टक्के. कर्करोग नसलेल्या रुग्णांच्या तोडीचे हे फलित होते. 'मिलान निकष' जगभर स्वीकारले गेले ते यामुळेच.

७. बार्सेलोना : दाब आणि हिशेब

छेदनाच्या रुग्णनिवडीत युरोपची स्वतःची भर बार्सेलोनातून आली. जोर्दी ब्रुइक्स यांच्या गटाने १९९६ मध्ये चाइल्ड-प्यू 'अ' वर्गातील २९ रुग्णांचा पोर्टल दाब शस्त्रक्रियेपूर्वी यकृतशिरेतून नळी घालून मोजला. दाबातील फरक १० मिलिमीटर पारा वा अधिक असलेल्यांत शस्त्रक्रियेनंतर यकृत ढासळण्याचा धोका होता. 'अ' वर्गात असूनही काही रुग्ण का दगावतात, या जुन्या कोड्याचा येथे उलगडा झाला.

१९९९ मध्ये ल्योवेत, फुस्तेर व ब्रुइक्स यांनी छेदनाच्या ७७ व प्रत्यारोपणासाठी निवडलेल्या ८७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाच वर्षांचे जगण्याचे प्रमाण अनुक्रमे ५१ व ६९ टक्के होते. तथापि छेदनाच्या रुग्णांतील अंतर्गत तफावत अधिक बोलकी होती. पोर्टल दाब वाढलेला नसलेल्यांत ते ७४ टक्के, तर दाब व बिलिरुबिन दोन्ही वाढलेल्यांत केवळ २५ टक्के होते. शस्त्रक्रिया तीच, शल्यचिकित्सक तेच, फलित तिप्पट. निवडीचे महत्त्व याहून स्पष्ट शब्दांत मांडता येणार नाही.

या अभ्यासाचे दुसरे योगदान हिशेबाच्या पद्धतीचे आहे. तोपर्यंत प्रत्यारोपणाचे फलित शस्त्रक्रियेच्या दिवसापासून मोजले जाई. या गटाने ते प्रतीक्षायादीत नाव घातल्याच्या दिवसापासून मोजले. १९९६-९७ मध्ये अवयवाची प्रतीक्षा सरासरी १६२ दिवसांपर्यंत लांबली. त्या काळात २३ टक्के रुग्ण गाठ वाढल्याने यादीबाहेर पडले आणि दोन वर्षांचे जगण्याचे प्रमाण ८४ टक्क्यांवरून ५४ टक्क्यांवर घसरले. ज्यांना यकृत मिळालेच नाही, ते जुन्या पद्धतीच्या आकडेवारीत कोठेच दिसले नसते. संशोधनपद्धतीचा विचार करणाऱ्या कोणत्याही विद्याशाखेला हा धडा लागू पडतो : छेद कोणता धरला, यावर गुणोत्तराचा अर्थ अवलंबून असतो.

८. दोन मार्गांमागील समाज

जपानने छेदनाची परिसीमा गाठली आणि युरोपने प्रत्यारोपणाचे निकष घडविले, हा भेद केवळ वैज्ञानिक मतभेदाचा नव्हता. १९६८ मध्ये साप्पोरो येथे झालेल्या जपानमधील पहिल्या हृदयप्रत्यारोपणाविषयी, दाता खरोखर मृत होता काय, असा गंभीर वाद उद्भवला. त्यातून निर्माण झालेला अविश्वास तीन दशके टिकला. मस्तिष्कमृत दात्याच्या अवयवांना वाव देणारा कायदा तेथे ऑक्टोबर १९९७ मध्ये अमलात आला आणि त्याअन्वये पहिले प्रत्यारोपण फेब्रुवारी १९९९ मध्ये झाले. म्हणजे ज्या काळात पॅरिस, मिलान व बार्सेलोना येथे प्रत्यारोपणाचे निकष ठरत होते, त्या काळात जपानी शल्यचिकित्सकाच्या हाती मृत दात्याचे यकृत नव्हतेच. जे यकृत आहे तेच वाचवायचे, या अपरिहार्यतेतून तेथील गणित जन्मले. १९८९ पासून तेथे नातेवाइकांच्या यकृताचा भाग घेऊन जिवंत दात्याचे प्रत्यारोपणही सुरू झाले, त्यामागेही हेच कारण होते.

याउलट स्पेनमध्ये १९८९ मध्ये राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना स्थापन झाली आणि मृत दात्यांच्या प्रमाणात तो देश जगात अग्रेसर ठरला. तेथे पोर्टल दाब वाढलेल्या रुग्णाला छेदन नाकारता येत होते, कारण त्याच्यासाठी दुसरा दरवाजा उघडा होता. इशिझावा व टोकियोतील सहकाऱ्यांनी २००८ मध्ये असे दाखविले की, पोर्टल दाब वाढलेल्या 'अ' वर्गातील रुग्णांतही छेदनानंतर पाच वर्षांचे जगण्याचे प्रमाण ५६ टक्के आहे, तेव्हा हा निकष पूर्ण निषेधाचा असू नये. दोन्ही पक्षांचे आकडे खरे होते. 'शस्त्रक्रियेस अयोग्य' याचा अर्थ, पर्याय कोणता उपलब्ध आहे, यावर ठरतो. वैद्यकीय निकष हे सार्वकालिक वाटले तरी त्यांवर स्थळकाळाची मुद्रा असते.

९. इसवी सन २००० नंतरचे प्रश्न

नव्या शतकात वादाचा केंद्रबिंदू वाटपाकडे सरकला. अमेरिकेत फेब्रुवारी २००२ मध्ये यकृतांचे वाटप रुग्णाच्या गंभीरतेच्या गुणांकानुसार होऊ लागले आणि मिलान निकषांतील कर्करोगरुग्णांना अतिरिक्त गुण देण्यात आले. ते इतके झुकते माप ठरले की पुढच्याच वर्षी त्यात कपात करावी लागली. सॅन फ्रान्सिस्कोच्या याओ यांनी २००१ मध्ये एक गाठ ६.५ सेंटिमीटरपर्यंत अशी विस्तारित मर्यादा सुचविली. परंतु निकष एका रुग्णासाठी सैल केले की रांगेतील दुसऱ्या रुग्णाची प्रतीक्षा वाढते. येथे शल्यचिकित्सा न्यायाच्या प्रश्नाला येऊन भिडते.

आधी छेदन करावे आणि रोग परतल्यास प्रत्यारोपण करावे, हा मध्यममार्गही याच टंचाईतून पुढे आला. २००३ मध्ये एकाच नियतकालिकात पॅरिस परिसरातील दोन रुग्णालयांनी त्याविषयी परस्परविरोधी निष्कर्ष प्रसिद्ध केले. व्हिलझ्वीफच्या गटाला अशा प्रत्यारोपणाचे फलित उणे आढळले, तर क्लिशीच्या गटाला ते थेट प्रत्यारोपणाइतकेच चांगले दिसले. छेदन व प्रत्यारोपण यांची यादृच्छिक पद्धतीने तुलना करणारी चाचणी झालेली नसल्याने हा वाद केवळ निरीक्षणांवरच चालत राहिला आहे.

दुसरीकडे, सुईच्या टोकाने उष्णता देऊन गाठ जाळण्याच्या पद्धतीने शस्त्रक्रियेलाच आव्हान दिले. चीनमधील १८० रुग्णांवरील २००६ च्या चाचणीत आणि पुढे जपानमधील मोठ्या चाचणीत, लहान गाठींच्या बाबतीत छेदन आणि ही पद्धत यांच्यातील जगण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. शस्त्रक्रियेने आपल्या परीने उत्तर दिले ते दुर्बिणीच्या साहाय्याने. पोटाच्या भिंतीतील पर्यायी शिरा त्यात कापल्या जात नाहीत आणि जलोदराचा त्रास कमी होतो. २००८ व २०१४ च्या आंतरराष्ट्रीय परिषदांतून या तंत्राचे संकेत निश्चित झाले. 'कमीत कमी इजा' हे जुनेच सूत्र येथे नव्या साधनाने पुढे चालू राहिले.

१०. भारतीय संदर्भ

भारतात मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ मध्ये संमत झाला आणि १९९८ मध्ये दिल्ली येथे यकृताचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण झाले. मस्तिष्कमृत्यूला कायद्याने मान्यता असूनही येथील यकृतप्रत्यारोपणाचा मोठा भाग जिवंत दात्यांवर, म्हणजे कुटुंबातील आई, पत्नी, मुलगा वा भावंडांवर, अवलंबून राहिला. या अर्थाने आपली परिस्थिती स्पेनपेक्षा जपानच्या अधिक जवळची आहे. जिवंत दात्याचे यकृत रांगेतील दुसऱ्या कोणाचे नसते, म्हणून निकष सैल करण्याचा मोह वाढतो. पण त्याचे मोल एक निरोगी माणूस आपल्या देहाने देतो. त्याच्या जिवाला असलेला धोका अल्प असला तरी शून्य नाही. तेव्हा 'कोणावर शस्त्रक्रिया करू नये' हा प्रश्न येथे दोन देहांच्या संदर्भात विचारावा लागतो.

प्रतिबंधाच्या बाजूने पाहता, तैवानने १९८४ मध्ये नवजात बालकांना हिपॅटायटिस-बी लस देण्यास प्रारंभ केला आणि तेथील बालकांतील यकृतकर्करोगाचे प्रमाण घटल्याचे १९९७ मध्ये सिद्ध झाले. भारतात ही लस सार्वत्रिक लसीकरणात २०११ मध्ये देशभर समाविष्ट झाली आणि २०१८ मध्ये राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यापूर्वी जन्मलेल्या पिढ्यांसाठी मात्र नियमित तपासणी आणि योग्य निवड हेच उपाय उरतात.

११. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) सिऱ्होसिसग्रस्त यकृतातील कर्करोगाच्या शस्त्रक्रियेची प्रगती रचनेचे आकलन, गाठीचा लवकर शोध आणि उर्वरित यकृताच्या क्षमतेचे मापन या तीन प्रवाहांच्या संगमातून झाली. यांपैकी तिसरा प्रवाह निर्णायक ठरला.

२) जपानची हिरव्या द्रव्याची चाचणी, बार्सेलोनाचे दाबमापन आणि मिलानचे निकष ही तिन्ही मूलतः मर्यादा आखणारी साधने होत. मर्यादा आखल्यामुळेच शस्त्रक्रिया सुरक्षित झाली.

३) फलितांचे आकडे निवडीपासून आणि गणनेच्या प्रारंभबिंदूपासून वेगळे करून वाचता येत नाहीत. ज्यांना शस्त्रक्रिया नाकारली गेली आणि जे प्रतीक्षेत राहिले, तेही या इतिहासाचे घटक आहेत.

४) वैद्यकीय निकषांच्या घडणीत कायदा, मृत्यूविषयीची सामाजिक धारणा आणि अवयवांची उपलब्धता यांचा प्रत्यक्ष वाटा असतो. म्हणून वैद्यकाच्या इतिहासाचा अभ्यास सामाजिक शास्त्रांच्या सहकार्यानेच पूर्ण होऊ शकतो.

लांगेनबुख यांच्यापुढे यकृत कापता येते काय, एवढाच प्रश्न होता. आजच्या शल्यचिकित्सकाला ते कापता येते, बदलता येते आणि न कापताही गाठ जाळता येते. साधने वाढली तसा निर्णय अधिक कठीण झाला आहे. समोरच्या रुग्णाच्या उरलेल्या यकृताला आणि उरलेल्या आयुष्याला काय पेलवेल, हे ओळखणे हेच या शास्त्राचे मर्म असल्याचे त्याचा इतिहास सांगतो.